हर्क्युलिसचा गुन्हा कुठे गेला?

मंडळी, आज तक्रार तुमच्यापैकीच काही जणांविरुद्ध आहे. घरातल्या मुलांना वाढदिवसाला पुस्तकं देता याबद्दल शाबासकी. पण देण्याआधी ती एकदा उघडून बघत जा की! माझ्या नातीकडे सध्या 'अ ट्विस्टेड टेल' या डिस्नेच्या मालिकेतली पुस्तकं जमली आहेत. ही मालिका २०१५ साली सुरू झाली. डिस्नेचाच एखादा कार्टूनपट घ्यायचा, 'अमुक घडलं असतं तर?' असा एक प्रश्न त्यात घुसवायचा आणि किशोरवयीन मुलांसाठी कादंबरी लिहायची, असा सगळा बेत. त्यातली 'ग्रीक पुराणकथा' म्हणून मुलांच्या हाती पडते ती जेन कॅलोनिटा यांची 'गो द डिस्टन्स' (२०२१). डिक्शनरी शेजारी ठेवून मी ती वाचली. भाषा चटपटीत आहे, पानं भराभर उलटतात. माझं भांडण भाषेशी नाहीच.

या कादंबरीचं मूळ ग्रीसमध्ये नाही, १९९७ च्या 'हर्क्युलिस' या कार्टूनपटात आहे. त्या चित्रपटात हर्क्युलिस हा झ्यूस आणि हेरा यांचा लाडका बाळ. पाताळाचा राजा हेडीस त्याला पळवून नेववतो, बाळावर साप होऊन जातात ते हेडीसचे नोकर. मूळ कथेत हे साप पाठवते हेरा! कारण हे मूल तिचं नाही, झ्यूसने अल्कमीनी या मर्त्य स्त्रीपासून जन्माला घातलेलं आहे. गंमत म्हणजे हेराक्लीस या ग्रीक नावाचा अर्थच 'हेराची कीर्ती' असा सांगतात. जिचं नाव घेऊन जगायचं तिच्याच रागाचं धनी व्हायचं. ही गाठ सोडवायला घेतली असती तर एक काय, दहा कादंबऱ्या झाल्या असत्या. चित्रपटाने ती कापून टाकली.

पण खरी चोरी पुढेच आहे. हेराने धाडलेल्या वेडाच्या भरात हेराक्लीस स्वतःची मुलं मारतो. मेगारापासून झालेली मुलं, म्हणजे तीच ती मेग! शुद्धीवर आल्यावर त्याला कळतं, हे आपल्या हातून झालं. ती प्रसिद्ध बारा कामं म्हणजे, कथेच्या एका परंपरेनुसार, या पापाची फेड. चित्रपटात तेच पराक्रम गाण्याच्या ओघात उरकून होतात आणि त्याच्या नावाची खेळणी विकली जातात. कादंबरीत तर आणखी पुढचं पाऊल. इथे हर्क्युलिसला देवपण परत मिळालं आहे, मेग मर्त्य म्हणून अडली आहे, आणि हेराच प्रेमाने तिला देवी होण्याची एक कामगिरी सुचवते. जी बाई मुलांच्या खुनाला कारण झाली ती इथे होणारी सासू!

"अहो, मुलांची पुस्तकं आहेत, खून कशाला?" असं म्हणणारे भेटले. सात वर्षांच्या पोराला सांगू नका, कबूल. पण ही पुस्तकं चौदा-पंधराच्या मुलांसाठी आहेत ना? मी त्या वयाच्या वर्गांपुढे आयुष्य काढलं. रागाच्या भरात हात उचलून बसलेली, जिवलग मैत्रिणीचं गुपित फोडून बसलेली मुलं मधल्या सुट्टीत माझ्यापाशी यायची. त्यांचा प्रश्न 'मी हिरो कशी होऊ' हा नसायचा. 'आता मी काय करू' हा असायचा. हेराक्लीसची कथा याच प्रश्नाची आहे, आणि नेमकी तीच काढून घेतली.

दुसरा युक्तिवाद मला जास्त झोंबतो. म्हणे मेगला आता कुठे आवाज मिळाला! इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात युरिपिडीसने 'हेराक्लीस' नाटक लिहिलं, त्याचा पूर्वार्ध वाचा. नवरा पाताळात गेलेला. सत्ता बळकावणारा लायकस तिला, मुलांना आणि म्हाताऱ्या सासऱ्याला वेदीपाशीच जाळायला लाकडं आणायला सांगतो. तिथे मेगारा ठरवते, की जळून मरण्यापेक्षा मान ताठ ठेवून मरायचं. मुलांना अंत्यविधीचे कपडे चढवायची परवानगी ती शत्रूकडून मागून घेते. हिला आवाज नव्हता?

मूळ बदलू नये असं माझं म्हणणं आहे असं कृपया समजू नका. युरिपिडीसच्या नाटकात आधी पराक्रम आहेत आणि मग हत्या, वर सांगितलेल्या क्रमाच्या उलट. आपल्या खांडेकरांनी 'ययाति'त (१९५९) महाभारताला केवढं वळण दिलं, त्याला पुढे ज्ञानपीठही मिळालं. रिक रायर्डनची पर्सी जॅक्सनची पुस्तकं (पहिलं २००५ चं) धमाल विनोदी आहेत, पण देव असलेल्या आईबापांनी वाऱ्यावर सोडलेल्या मुलांचं दुःख त्यात शाबूत आहे. ही सगळी माणसं मूळ विहिरीवर जाऊन पाणी शेंदून आली. इथे बाटलीतलं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतलं आहे, आणि दोन्ही बाटल्यांवर लेबल एकाच कंपनीचं.

असो. युरिपिडीसच्या शेवटाकडे येते. मुलांच्या आणि मेगाराच्या प्रेतांजवळ हेराक्लीस तोंड झाकून बसलेला आहे, त्याला मरायचं आहे. मित्र थिसियस येतो. शिवलास तर विटाळ होईल, असं हेराक्लीस त्याला सांगतो. थिसियस मानत नाही, त्याच्या तोंडावरचं वस्त्र बाजूला करायला लावतो, अथेन्सला चल म्हणतो. मग प्रश्न उरतो शस्त्रांचा. ज्या धनुष्याने पोरं मारली ते बरोबर न्यायचं की टाकायचं? तो न्यायचं ठरवतो.

नातीला हा भाग मी माझ्या मोडक्या शब्दांत सांगितला. तिने "का नेलं?" एवढंच विचारलं आणि आमचं दोन दिवस त्यावर भांडण चालू आहे. तेव्हा पुण्याच्या आणि न्यू जर्सीच्या मंडळींनो, येत्या वाढदिवसाला त्या मालिकेतलं आणखी एक नको. युरिपिडीसचं सोप्या इंग्रजीतलं भाषांतर मिळालं तर पाठवा, अक्षरं मोठी असतील तर उत्तम.