पडदा घ्यावा कीं जुनें यंत्र?

एकत्र कुटुंबांत कोणतीहि वस्तु विकत घ्यावयाची म्हटली, म्हणजे तिची निवड हें केवळ बाजारांतलें काम राहत नाहीं. तें घरांतलें काम होतें. पैसा एक, वस्तु एक, आणि गरजा मात्र जितकीं माणसें तितक्या! या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र या दृष्टीनें विचार करण्याजोगें वाटलें, म्हणून त्याचें उत्तर येथें सविस्तर देत आहों.

पत्र वर्धा जिल्ह्यांतील सिंदी (रेल्वे) येथील एका गृहस्थांचें आहे. नागपूर-वर्धा लोहमार्गावरील हें गांव. तेथील तान्ह्या पोळ्याच्या उत्साहामुळें विदर्भांतील वाचकांना तें परिचित असेलच. गृहस्थांच्या घरीं लहानमोठीं नऊ माणसें आहेत आणि लॅपटॉप एकच. धाकट्या सूनबाई नागपूरच्या एका कचेरीचें हिशेबाचें काम घरीं बसून करितात. पुतण्या बारावींत आहे. वडील निवृत्त शिक्षक असून त्यांना मोठ्या अक्षरांत वर्तमानपत्र वाचावयाचें असतें. हातीं दहा हजार रुपये आहेत. सूनबाईंचें म्हणणें, लॅपटॉपला जोडण्यासाठीं एक मोठा मॉनिटर घ्यावा. इतर मंडळींचें म्हणणें, तेवढ्याच पैशांत वापरलेला डेस्कटॉप कॉम्प्युटर पडद्यासकट मिळतो. मग नुसता पडदा घेणें म्हणजे गाय सोडून दावें विकत घेण्यासारखें नव्हे काय?

दृष्टांत चटकदार आहे; पण तो येथें लागू पडतो कीं काय, हें पाहिलें पाहिजे.

मॉनिटर स्वतः कांहीं काम करीत नाहीं, हें खरें. परंतु काम करणाऱ्याच्या डोळ्यांचा आणि मानेचा संबंध यंत्राच्या मेंदूशीं येत नसून पडद्याशींच येतो. पुष्कळ स्वस्त लॅपटॉपांचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो. म्हणजे एकंदर सुमारें साडेदहा लाख ठिपके. साधारण २४ इंची मॉनिटर १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, म्हणजे सुमारें पावणेएकवीस लाख ठिपक्यांचा असतो. हिशेबाचा लांबरुंद तक्ता ज्यांना रोज उलगडावा लागतो, त्यांना या दुपटीचा अर्थ समजावून सांगावयास नको. लॅपटॉपचा पडदा आधींच तितक्या ठिपक्यांचा असला, तर मजकूर वाढत नाहीं. परंतु अक्षर मोठें होतें, कारण साडेपंधरा इंची पडद्यापेक्षां २४ इंची पडद्याचें क्षेत्रफळ दुपटीहून अधिक भरतें. शिवाय लॅपटॉपवर मान खालीं घालूनच बसावें लागतें. मॉनिटर मात्र डोळ्यांच्या उंचीला आणतां येतो.

आतां जुन्या डेस्कटॉपची बाजू. त्याचा एक गुण असा आहे कीं, त्याला मॉनिटरनें तोड नाहीं: एकाच वेळीं दोन माणसें दोन ठिकाणीं काम करूं शकतात. त्याचे भाग सुटे असल्यामुळें बिघडलेला तेवढाच भाग बदलतां येतो. ज्या घरांत एकहि यंत्र नाहीं, त्या घराला आम्ही निःशंकपणें असेंच यंत्र घ्या म्हणून सांगूं.

परंतु जुन्या यंत्राचें खरें वय त्याच्या रंगावरून कळत नाहीं. विंडोज १० या प्रणालीचा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. पुढची विंडोज ११ इंटेलच्या सर्वसाधारणपणें आठव्या पिढीपासूनच्या यंत्रांवरच रीतसर चालते. पिढी ओळखण्याची खूण सोपी आहे. आय ५ या नांवापुढें ८४०० असा आंकडा असेल तर पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. ४५७० असेल तर चौथी. कचेऱ्यांनीं काढून टाकलेलीं जीं यंत्रें स्वस्तांत मिळतात, त्यांपैकीं पुष्कळ या रेषेच्या अलीकडचीं असतात. त्यांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालून वाचन, लेखन व अभ्यास उत्तम चालतो. मात्र कचेरीचा हिशेबाचा प्रोग्राम तीवर चालेलच असें नाहीं.

विजेचा हिशेबहि मांडावा. जुना डेस्कटॉप पडद्यासह १०० वॉट घेतो असें धरलें, तर रोज आठ तासांप्रमाणें महिन्याला २४ युनिट होतात. लॅपटॉप व नवा मॉनिटर मिळून ५० वॉट धरले, तर १२. वीज गेली तर लॅपटॉप आपल्या बॅटरीवर तग धरतो. डेस्कटॉप तत्क्षणीं बंद पडतो आणि न साठविलेलें काम घेऊन जातो. त्याला यूपीएस हवाच, आणि तो त्या दहा हजारांत धरलेला नाहीं! विदर्भाचा उन्हाळा व कापसाच्या मुलखांतली धूळ जुन्या पंख्यांना मानवत नाहीं, हेंहि लक्षांत असावें.

मग निवड करावी कशी? आमच्या मतें वस्तूंची तुलना करण्यापूर्वीं घरांतील वेळेचा तक्ता करावा. कोणास, कोणत्या दिवशीं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत यंत्र लागतें, हें आठवडाभर एका वहींत लिहावें. दोघांच्या वेळा रोज एकमेकींवर आदळत असतील, तर दुसरें यंत्रच पाहिजे; मोठा पडदा ती अडचण दूर करणार नाहीं. वेळा वेगळ्या असतील, तर अडचण यंत्राची नसून पडद्याची आहे.

पत्रांतील माहितीप्रमाणें सूनबाईंचें काम सकाळीं दहा ते सायंकाळीं सहा. पुतण्यास लॅपटॉप लागतो तो रात्रीं दोन तास. वडिलांचें वाचन सकाळीं आठच्या सुमारास. वेळा कोठेंच आदळत नाहींत. तेव्हां आमचा कौल स्पष्टपणें मॉनिटरच्या बाजूनें आहे. एकाच मोठ्या पडद्याचा लाभ तिघांनाहि मिळेल, आणि पुढें डेस्कटॉप घेतलाच तर हाच पडदा त्यालाहि जोडतां येईल. आज घेतलेला पडदा उद्यां वायां जात नाहीं. आज घेतलेलें जुनें यंत्र उद्यां आणखी जुनें होतें.

खरेदीपूर्वीं दोन गोष्टी कराव्या. लॅपटॉपला एचडीएमआयची जागा आहे कीं नाहीं तें पाहावें. टाईप-सी असली तरी प्रत्येक टाईप-सींतून चित्र बाहेर येतेंच असें नाहीं. आणि घरच्या टेलिव्हिजनला लॅपटॉप जोडून सूनबाईंनीं एक दिवस काम करून पाहावें. मोठ्या पडद्यानें काम खरोखर सुकर होतें कीं नाहीं, याची परीक्षा बिनखर्चानें होईल. मॉनिटर हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणि खिडकी बाजूला येईल असा ठेवावा. निराळा कीबोर्ड व माऊस घ्यावा. आणि दर वीस मिनिटांनीं वीस सेकंद वीस फुटांवर नजर टाकावी.

एवढ्यावरहि ज्या घराला डेस्कटॉपच हवा असेल, त्यांनीं तो पावतीशिवाय घेऊं नये. दुकानांत निदान अर्धा तास चालवून पाहावा. आठ जीबी रॅम व फिरत्या हार्ड डिस्कऐवजीं एसएसडी आहे याची खात्री करावी. आणि पूर्वीच्या मालकाची माहिती पुसून प्रणाली नव्यानें घालून घ्यावी.

शेवटीं एक गोष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. पत्रांत पुतण्याच्या अभ्यासाला एक परिच्छेद आहे, वडिलांच्या वाचनाला चार ओळी आहेत, आणि जिच्या मिळकतींतून या दहा हजारांपैकीं निम्मी रक्कम आली, त्या सूनबाईंच्या मानदुखीला अर्धी ओळ! घरांत बसून केलेलें काम डोळ्यांआड असतें, म्हणून तें हलकें वाटतें. कचेरींत जाणाऱ्या मुलाला नीट टेबल-खुर्ची मिळते कीं नाहीं याची चौकशी आपण करितों; तीच चौकशी माजघराच्या कोपऱ्यांत आठ तास बसणाऱ्या सुनेबद्दल कां होऊं नये? मॉनिटर आणावाच, पण त्याबरोबर उजेडाची एक जागा, एक टेबल आणि दहा ते सहा या वेळांत तिला मध्येंच हांक न मारण्याचा घराचा नियम, हींहि आणावीं. त्यांना दुकानांत जावें लागत नाहीं.