अलीची बाग कुठे आहे?

गेल्या डिसेंबरात भाची मुंबईहून आली. गेटवेवरून मांडव्याची बोट, मांडव्याहून बस, आणि अलिबागला उतरल्या उतरल्या तिचा पहिला प्रश्न : ‘‘मावशी, अलीची बाग कुठे आहे?’’ वय वर्षं नऊ. गावाच्या नावाची फोड तिची तिनंच केली होती. माझा जन्म इथे गेला, पण बोट दाखवून ‘ती बघ’ म्हणावं अशी जागा मला आठवेना.

रात्री कुलाबा जिल्ह्याचं १८८३चं गॅझेटियर काढून बसले. त्यात हकीकत आहे. अली नावाचा कोणी श्रीमंत मुसलमान इथे होऊन गेला, त्यानं विहिरी खणल्या, बागा लावल्या, त्यावरून अलिबाग. हा अली बेने इस्राएल होता असंही सांगणारे आहेत. तो कोणीही असो, त्याच्या नावावर विहिरी आणि बागा दोन्ही जमा आहेत, हे मला फार आवडलं. खाऱ्या पाण्याच्या काठावर गोडं पाणी लागलं तर पुढचं सगळं होतं. मग लक्षात येत गेलं की आमच्याकडे बागेची नावं जागोजाग आहेत. श्रीबाग आहे. छत्रीबाग आहे. किनाऱ्याच्या साऱ्या पट्ट्याला अष्टागर म्हणतात, आणि आगर म्हणजे नारळी-पोफळीची लागवड. बाग हेच ज्या मुलखाचं नाव, तिथे आलेल्या पाहुण्याला आम्ही समुद्र दाखवतो, ओहोटीला घोडागाडीतून कुलाबा किल्ल्यात नेऊन आणतो, मासे खाऊ घालतो आणि बोटीवर बसवून देतो.

जानेवारीत तिला मुंबईला पोचवायला गेले, तेव्हा आम्ही दोघी भायखळ्याच्या राणीच्या बागेत झाडं बघायला गेलो. तिथे वृक्षप्रेमी मंडळी अधूनमधून लोकांना सोबत घेऊन फिरतात. प्राणी बघायला मी लहानपणी गेले होते. झाडं बघायला कधीच नाही. ही बाग १८६२ साली लोकांना खुली झाली. आम्हाला फिरवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, डोक्यावर कापडी टोपी, हातात काही नाही. त्यांनी आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेच्या बुंध्याला आम्हा पाचजणांना हात धरून कवेत घ्यायला लावलं. कैलासपतीचं जमिनीवर पडलेलं फूल उचलून भाचीच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘नाग कुठे आहे ते शोध.’’ ब्रह्मदेशातल्या उर्वशीखाली त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, नुसतं वर बघायला दिलं. मला वाटतं, फिरवणाऱ्याचं निम्मं कसब कुठे थांबायचं आणि किती वेळ गप्प राहायचं यातच असतं.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ दगडाचा एक हत्ती आहे. हा हत्ती आपल्या रायगड जिल्ह्यातला, उरण तालुक्यातल्या घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे १९१४मध्ये पुन्हा जोडले गेले. बाईंनी ते सांगितलं तेव्हा भाचीनं त्याच्या सांध्यांवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, ‘‘म्हणजे हा पण बोटीनं आला?’’

या बागेवर २००७च्या सुमारास मोठं संकट आलं होतं. प्राणिसंग्रहालयाचा भव्य नवा आराखडा निघाला, त्यात जुनी झाडं जाणार अशी धास्ती होती, तेव्हा नागरिक उभे राहिले. झाडांची मोजदाद झाली, नावं लिहिली गेली, लोकांना बागेतून फिरवून ती झाडं दाखवली गेली. कोणतं झाड कुठे आहे हे शेकडो लोकांना ठाऊक झालं, की ते गुपचूप तोडता येत नाही. परतीच्या बोटीत हेच माझ्या डोक्यात होतं.

म्हणून गेल्या महिन्यात आम्ही वाचनालयातल्या चारपाच जणी आणि शेजारची काही मुलं मिळून रविवारी सकाळी गावातून चालायला निघालो. सुरुवात हिराकोट तलावापासून. शेजारचा हिराकोट कान्होजी आंग्र्यांनी १७२०मध्ये बांधला असं सांगतात; आज तिथे जिल्हा कारागृह आहे, त्यामुळे काळ्या दगडांची ती भिंत बाहेरूनच बघायची. तिथून छत्रीबागेत कान्होजींच्या समाधीपाशी. ४ जुलै १७२९ला ते गेले. इस्राएल आळीत मागेन अबोथ सिनेगॉगसमोर थांबलो. बेने इस्राएलांचे पूर्वज शेजारच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले ही त्यांची परंपरा. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून कोकणानं त्यांना शनवार तेली म्हटलं.

चुंबकीय वेधशाळेच्या कुंपणापाशी मात्र मुलांनी मला हलू दिलं नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे. तिथे विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि विजेनं सुया हलणार म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी शांत जागा शोधली. ती आमची. १९०४ साली इथे काम सुरू झालं आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा नीट जुळावा. मोजणीच्या इमारतींत लोखंड वापरलेलं नाही. ‘‘खिळापण नाही?’’ एका मुलानं विचारलं. लोखंडाचा खिळापण नाही. या रस्त्यानं रोज शाळेत जाणारी ही मुलं, आणि हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मलाही ते चाळिशीत कळलं.

फिरवणं हे पगाराचं, मानाचं काम आहे हे आपल्याकडे एका मोठ्या माणसानं दाखवून दिलं होतं. सालिम अली १९२६मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याते होते. जर्मनीत शिकून १९३०मध्ये परतले तर ती जागाच रद्द झालेली. नोकरी नाही, म्हणून ते किहीमला येऊन राहिले, आणि तिथेच सुगरणींची घरटी पाहत बसले. नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर राहते. मग नर दुसरं विणायला घेतो. पक्षिशास्त्रात नाव झालेलं हे निरीक्षण आमच्या किहीमचं. किहीमला येणाऱ्यांना ते सांगायला किनाऱ्यावर कोणी उभं असतं तर!

असं कोणी म्हणजे बाहेरून आणलेला तज्ज्ञच हवा असंही नाही. शहरांबद्दल लिहिणाऱ्या जेन जेकब्ज २००६मध्ये वारल्या, तेव्हा पुढच्या वर्षी टोरांटोतल्या लोकांनी त्यांच्या आठवणीत आपापल्या मोहल्ल्यात शेजाऱ्यांना फुकट फिरवलं. प्रथा टिकली, देशोदेशी गेली. ज्यानं जिथे आयुष्य काढलं त्यानं तिथलं दाखवायचं, एवढीच अट.

हे मनात धरून मी नागावच्या एका वाडीवाल्या काकांकडे गेले. ते म्हणाले, ‘‘अगं, मी काय सांगणार? सातवी शिकलेला माणूस. ते कॉलेजातले सर आण कोणी.’’ मी म्हटलं, ‘‘काका, तुम्ही नुसतं पाणी सोडताना आम्ही मागून चालतो.’’ त्याला ते तयार झाले. दुसऱ्या रविवारी आम्ही अकरा जण सातला वाडीत शिरलो ते साडेनऊला बाहेर पडलो.

वाडीत पाऊल टाकलं की आधी ऊन कमी होतं. सगळ्यांच्या वर माड, त्याखाली पोफळी, त्याखाली जायफळ आणि केळी, पोफळीच्या अंगावर मिरीचे वेल, आणि पायाशी पाट. रहाट केव्हाच गेला, विहिरीवर मोटार आहे. पण काकांनी रहाटाचे दगडी खांब ठेवलेत आणि पूर्वी बैल कुठून कसा फिरायचा ते ते स्वतः गोल चालून दाखवतात. पाण्याला वाट करून द्यायला त्यांच्या हातात फक्त कुदळ. दोन ढेकळं काढली की पाणी डावीकडे, लावली की उजवीकडे. मुलांनी कुदळ मागून घेतली आणि पुढचा अर्धा तास वाडीचं शिंपण त्यांनीच केलं.

‘‘पोफळीला नैर्ऋत्येचं ऊन सोसत नाही,’’ काका म्हणाले. ‘‘दुपारनंतरचं ऊन खोडावर पडलं की साल भाजते, मग तिथेच चीर जाते. म्हणून त्या अंगाला केळी.’’ आणि मग ३ जून २०२०. निसर्ग वादळ भर दुपारी आलं. वादळात पोफळी मधोमध मोडल्या ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. काकांनी सांगितलं ते त्यानंतरचं होतं. माड पडल्यामुळे वाडीला भोकं पडली, वरून ऊन आत आलं, आणि वादळातून वाचलेल्या पोफळीही पुढच्या दोन उन्हाळ्यांत भाजून गेल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं. त्यांनी पुन्हा आधी केळी लावल्या, मग सावलीत रोपं. सरकारी पंचनाम्यात पडलेली झाडं मोजली गेली होती. उन्हानं हळूहळू गेलेली कोण मोजणार, असं ते म्हणाले, आणि पुढच्या झाडाकडे वळले.

ते झाड जायफळाचं. खिशातून त्यांनी एक वाळलेलं जायफळ काढलं, वर लाल जायपत्रीची जाळी तशीच. नर झाड वेगळं, मादी वेगळी, आणि फुलावर येईपर्यंत कोणतं काय ते कळत नाही. ‘‘सात वर्षं पाणी घालायचं आणि मग कळणार नर आहे. तो पण लागतोच, दहा माद्यांना एक तरी. पण सगळेच नर निघाले तर?’’ कुंपणाशी उंडीचं झाड होतं. तिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्याला आणि होड्यांच्या फळ्यांना लागे. आज त्या गोल बियांनी मुलं गोट्या खेळली.

माझं मागणं साधं आहे. नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा, थळ इथल्या वाडीवाल्यांना आठवड्यातून एका सकाळी दहा-बारा माणसांना फिरवायचे पैसे मिळावेत, आणि ते त्यांच्याच हातात पडावेत. दलालानं बस भरून आणू नये, कर्णा लावू नये. वाडी विकून बंगला उठतो तेव्हा गुंठ्यांचा भाव सगळ्यांना माहीत असतो. आत किती जायफळं होती, विहिरीला वैशाखात किती पाणी होतं, हे फक्त विकणाऱ्याला माहीत असतं. आक्षीचा शिलालेख, शके ९३४चा, म्हणजे १०१२ सालचा, आपल्या भाषेतल्या सगळ्यांत जुन्या लेखांपैकी एक; तो कितीएक वर्षं रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभा होता आणि आम्ही त्याच्यावरून नागावच्या एसटीनं जात होतो. मीही जात होते. वाड्यांचं तसं होऊ नये असं मला फार वाटतं.

निघताना भाची, ती त्या रविवारी मुद्दाम आली होती, पाटाच्या काठाशी उकिडवी बसली. ओल्या मातीवर पसरलेली, चार आण्याएवढ्या गोल पानांची एक वेल होती. ‘‘हिचं नाव काय?’’ काकांनी वाकून पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि घराकडे तोंड करून हाक मारली, ‘‘अगोऽ, पाटाकडेला ते येतं, त्याला काय म्हणतेस तू?’’

मागच्या दारातून काकूंचा आवाज आला. ‘‘कारिवणा. पोर बोबडं बोलायला लागलं की सकाळी एकेक पान द्यायचं. तुमच्या धाकट्याला दिलेलं, विसरलात?’’

भाचीनं एक पान तोडून वहीत ठेवलं आणि खाली नाव लिहिलं. मग आत जाऊन काकूंना विचारून आली, ‘रि’ पहिली की दुसरी.