वसतिगृहातील 'कुटुंब' आणि शासनाची काटकसर

सोलापूर-पुणे लोहमार्गावर करमाळा तालुक्यातील जेऊर हे स्टेशन आहे. निवृत्तीनंतर मी येथे येऊन राहिलो, आणि गावातील एका अनुदानित वसतिगृहात संध्याकाळी मुलांचे गणित घेऊ लागलो. गेल्या प्रजासत्ताकदिनी तेथे झेंडावंदन झाले. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितले की, येथील कर्मचारी पगारासाठी राबत नाहीत, मायेपोटी राबतात. हे वसतिगृह नसून एक कुटुंब आहे. टाळ्या झाल्या. मीही वाजविल्या. घरी परतताना मात्र आपण कशासाठी टाळ्या वाजविल्या, असा प्रश्न पडला आणि मनस्वी लाज वाटली.

पाहुणे खोटे बोलले नव्हते. तेथे माया आहे. ती मी रोज पाहतो. पहाटे साडेचारला स्वयंपाकीणबाई चुलाणाशी येतात. मुले त्यांना मावशी म्हणतात. मदतनीस तोवर पाणी भरतो, पीठ चाळतो. रात्रपाळीच्या चौकीदाराने खरे म्हणजे सहाला घरी जावयाचे. परंतु भाकऱ्यांचा ढीग पुरा झाल्याखेरीज तो निघत नाही, कारण मदतनिसाच्या दोन हातांनी ते काम उरकत नाही हे त्याला ठाऊक आहे. अधीक्षक हिशेबाच्या वह्यांत बुडालेले असतात : हजेरीपट, साठा-नोंदवही, कीर्द. दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की ऊसतोडणीस गेलेल्यांची मुले मागे राहतात. त्यांच्यापैकी एखाद्याला रात्री ताप भरला तर त्याच्या उशाशी कोणी बसावयाचे हे नियमावलीत लिहिलेले नाही. चौघांपैकी कोणीतरी बसतो. मावशींचे यजमान वारले तेव्हा अधीक्षकांनी दहा दिवस कणीक मळली. पोळ्या कशा झाल्या हे मुले अजून हसत सांगतात. चौघांची मिळून महिना पाचशे रुपयांची भिशी आहे. तीतून चौकीदाराच्या मुलीच्या लग्नाची उचल भागली.

आता हे सारे एका अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने पाहिले तर त्याला काय दिसेल? त्याला दिसेल की, सहा माणसांचे काम चार माणसे करीत आहेत आणि उरलेल्या दोघांचा पगार शासनाच्या तिजोरीत शिल्लक पडत आहे. ज्याला आपण जिव्हाळा म्हणतो, तो या हिशेबातील न दाखविलेली जमेची बाजू आहे. अनुदान वेळेवर येत नाही. मग वाण्याची उधारी अधीक्षकांच्या नावावर चढते. म्हणजे महिना दहा हजार मिळविणारा माणूस महाराष्ट्र शासनाला बिनव्याजी कर्ज देतो! जगातील कोणत्या सावकाराने इतक्या उदारपणे व्यवहार केला आहे?

आकडे सांगतो, कारण मायेच्या गोष्टीत आकडे नेहमी मागे राहतात. राज्यात सामाजिक न्याय विभागाच्या अनुदानावर चालणारी अशी दोन हजारांहून अधिक वसतिगृहे आहेत. त्यांत अधीक्षक, स्वयंपाकी, मदतनीस आणि चौकीदार अशी आठ हजारांच्या आसपास माणसे काम करतात. त्यांना वेतनश्रेणी नाही, 'मानधन' आहे. २०२२ च्या सुमारास ते वाढविण्यात आले, आणि वाढवून किती झाले? अधीक्षकास दहा हजार, स्वयंपाक्यास साडेआठ हजार, मदतनीस व चौकीदारास साडेसात हजार रुपये. वसतिगृहाला साप्ताहिक सुटी नसते. मुले रविवारीही जेवतात. साडेसात हजारांना तीसने भागा : दिवसाला अडीचशे रुपये पडतात. त्याच २०२२-२३ साली रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाचा दर २५६ रुपये होता; २०२४-२५ मध्ये तो २९७ झाला. १९७२ च्या दुष्काळात आपल्यापैकी कित्येकांनी खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या शेजारी उभे राहून रोजगार हमीचा आग्रह धरला होता. उपासमार टाळण्यासाठी ठरविलेला तो अखेरचा दर. पन्नास वर्षांनंतर, दलित-भटक्यांच्या मुलांना रात्रभर सांभाळणाऱ्या माणसाची किंमत त्या दराहूनही सहा रुपयांनी कमी ठरली.

यावर शासनाचे उत्तर ठरलेले आहे : ही माणसे आमची नव्हेत, स्वयंसेवी संस्थांची आहेत, आम्ही केवळ अनुदान देतो. मग अनुदानित माध्यमिक शाळेतील शिक्षक कोणाचा? तोही खासगी संस्थेचाच नोकर. तरी त्याचे वेतन तिजोरीतून श्रेणीप्रमाणे निघते आणि १९७७ च्या कायद्याने त्याच्या नोकरीला संरक्षणही आहे. तेच मूल सकाळी अकरा ते पाच ज्याच्यापुढे बसते त्याला वेतन, आणि उरलेले अठरा तास ज्याच्या हवाली असते त्याला मानधन, हा भेद कोणत्या न्यायाने केला? शासनाच्या स्वतःच्या वसतिगृहातील गृहपालास वेतनश्रेणी आहेच. समान कामास समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या प्रकरणात म्हटले. २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने उपदानाच्या कायद्यापुरते 'मानधन' हे वेतनच मानले. आणि १९८२ साली, एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले श्रम हे सक्तीचे श्रम होत, असा निर्वाळा दिला होता. मी वकील नव्हे. परंतु या तीन निकालांच्या प्रकाशात 'मानधन' हा शब्द फार काळ टिकेल असे वाटत नाही.

शासनाचे सोडा, त्याच्याकडून अपेक्षा थोडीच होती. मला अधिक टोचते ते आपल्याच मित्रांचे बोलणे. मी हा विषय काढला की ते कर्मवीरांचे नाव घेतात. भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले ते काय वेतनश्रेणीवर? साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांची अंथरुणे आवरली ती काय मोबदल्यासाठी? हा युक्तिवाद ऐकून माणूस गप्प होतो, कारण नावे मोठी आहेत. पण जरा थांबून पाहावे. बोर्डिंगमधील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. ते त्यांचे स्वतःचे होते, स्वयंपाकिणीचे नव्हते. गुरुजी त्या शाळेचे पगारी शिक्षक होते. छात्रालयात त्यांनी जे अधिक केले ते आपल्या खुशीने केले. त्याग हा करणाऱ्याने करावयाचा असतो. तो दुसऱ्याच्या पगारपत्रकातून कापून घेता येत नाही. आणि भाऊरावांची 'कमवा व शिका' ही योजना तर श्रमाला मोल आहे हेच मुलांना शिकविण्यासाठी होती! त्यांच्या तसबिरीखाली बसून साडेसात हजारांवर सही घ्यावयाची, हा त्या माणसाचा मोठाच उपमर्द नाही काय?

आणखी एक भीती बोलून दाखविली जाते : वेतन आले की माया जाईल, घड्याळ पाहून काम होईल. असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक जण स्वतः निवृत्तिवेतन घेतात. (मीही घेतो.) मी बत्तीस वर्षे श्रेणीप्रमाणे पगार घेतला, त्यामुळे विद्यार्थ्यांवरील माझा लोभ महागाईभत्त्याच्या प्रत्येक हप्त्याबरोबर आटत गेला, असे कोणी माझ्याविषयी म्हटले नाही. माया आटल्याची चिंता फक्त गरिबांच्याच बाबतीत का पडते? मुलांनी मावशी म्हणावे, मामा म्हणावे. तो त्यांचा हक्क आहे. शासनाला मात्र कोणी मावशी नसते. त्याच्याशी नाते पगारपत्रकाचेच असले पाहिजे.

वस्तुतः या चौघांमधील सख्य मला कुटुंबाचे वाटतच नाही. कुटुंबात कर्ता एक असतो आणि बाकीच्यांनी ऐकावयाचे असते. येथे तसे नाही. वेतनश्रेणीच्या मागणीसाठी आझाद मैदानावर धरणे होते, तेव्हा एकाने मुंबईला जावयाचे आणि तिघांनी त्याचे काम ओढावयाचे असे ठरले. प्रवासखर्च भिशीतून दिला. गेला तो मदतनीस. सर्वांत अबोल माणूस. परत आल्यावर त्याने तिघांपुढे तिकिटे आणि उरलेले एकशे चाळीस रुपये ठेवले. आपल्या जुन्या भाषेत याला एकच शब्द होता आणि तो आपण गिरण्यांच्या दारांशी वापरीत असू.

गेल्या आठवड्यात अधीक्षकांनी एका अर्जाचा मसुदा मला दुरुस्तीस दिला. सोलापूरच्या समाजकल्याण कार्यालयाला पाठवावयाचा होता. त्यात 'मानधनात वाढ व्हावी ही नम्र विनंती' असे होते. मी 'मानधन' खोडून 'वेतन' केले आणि 'नम्र विनंती'च्या जागी 'मागणी' लिहिले. अधीक्षक जरा घाबरले. मावशींनी मात्र वाचून दाखवावयास सांगितले आणि विचारले, "यात सुटीचं कुठं आलंय?" ते आले नव्हते. महिन्यात चार दिवस सुटी आणि त्या दिवसांसाठी बदली माणूस, हे कलम मग घातले. चौघांच्या सह्या झाल्या आहेत. संस्थेचे शिफारसपत्र अद्याप यावयाचे आहे. ते न आल्यास अर्ज त्याशिवाय पाठवावयाचा, असे चौघांनी ठरविले आहे.