चिमणीच्या पिल्लालाही विटाळ लावला!

उन्हाळ्याच्या दिवसांत वळचणीतून, भिंतीच्या भोकातून चिमणीचं पिल्लू खाली पडतं. एखादं लेकरू उचलायला धावतं आणि मागून आवाज येतो, "शिवू नको! माणूस शिवला की आई त्याला जवळ करत नाही, बाकीच्या चिमण्या टोचून मारतात." लेकरू हात मागे घेतं. पिल्लू तिथेच उन्हानं, मुंग्यांनी नाहीतर मांजरानं संपतं.

मित्रांनो, हे वाक्य आपल्या वस्त्यांतही बोललं जातं, म्हणून हा लेख.

आधी वस्तुस्थिती. ही समजूत खोटी आहे. पक्ष्यांचे अभ्यासक घरट्यातली पिल्लं हातात घेतात, वजन करतात, पायात कडी घालतात आणि परत ठेवतात. आईबाप त्यांना चारत राहतात. घरट्यापाशी सतत गर्दी केली तर पक्षी घाबरून घरटं सोडू शकतो, हे खरं. पण ती भीती आहे, विटाळ नाही.

मग चिमणीच्या जगात विटाळ आणला कोणी? 'शिवणे' हा शब्दच तपासा. कावळा पिंडाला शिवला तर मृताची इच्छा पूर्ण झाली म्हणायचं. बाईला पाळी आली तर 'कावळा शिवला' म्हणून तिला बाजूला बसवायचं. आणि माणूस चिमणीला शिवला तर तिची जात तिला बाहेर काढते! पाखरांना ना वर्ण माहीत, ना सोवळं. स्पर्शाने माणूस वाळीत टाकणाऱ्या समाजाने आपलाच कायदा त्यांच्या घरट्यात नेऊन ठेवला आणि वर 'हा निसर्गनियम आहे' असं सांगितलं. विषमता निसर्गाच्या नावावर खपवणं ही जातिव्यवस्थेची जुनी युक्ती आहे.

महाडच्या चवदार तळ्यावर पशुपक्षी पाणी पीत होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा मात्र तळं 'बाटलं' आणि पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' केलं गेलं. हा इतिहास असणाऱ्यांच्या घरात 'शिवू नको' हा शब्द कोणत्याही जीवासाठी उच्चारला जाता कामा नये.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी देवदत्ताच्या बाणाने जखमी झालेल्या पक्ष्याचा प्रसंग घेतला आहे. सिद्धार्थाने बाण काढला, जखम बांधली. पक्षी मारणाऱ्याचा नव्हे, वाचवणाऱ्याचा, हा त्याचा युक्तिवाद लवादानेही मान्य केला. ती करुणा हात लावणारी होती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवरील दयेची प्रतिज्ञा आहे, ती याच परंपरेतली.

पण करुणेला प्रज्ञेची जोड हवी. नाहीतर दया करणाराच जीव घेतो. म्हणून नीट पाहा. पिल्लाला पिसं फुटलेली नसतील तर ते अलगद उचलून घरट्यात ठेवा. घरटं मोडलं असेल तर छोट्या टोपलीत सुकं गवत घालून ती त्याच जागेजवळ बांधा आणि दूर जाऊन थांबा. पिसं आली असतील, टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय. त्याला घरी नेऊ नका. आईबाप जवळच असतात. फार तर जवळच्या झुडपात ठेवा आणि मांजर-कुत्रं लांब ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूधही पाजू नका. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात सावलीला ठेवा आणि वन विभागाला किंवा पक्षिमित्रांना कळवा. पोपटाचं पिल्लू सापडलं म्हणून पिंजऱ्यात घालणं हा तर कायद्याने गुन्हा आहे.

काही कार्यकर्ते विचारतील, माणसं मारली जात असताना चिमण्यांचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पाखरांसाठी गच्चीवर पाणी ठेवणारे आणि कामवालीचा कप वेगळा ठेवणारे लोक आपण रोज पाहतो. त्यांची भूतदया ढोंगी आहे, हे ठणकावून सांगूच. पण त्यांच्या ढोंगामुळे आपण करुणा का सोडावी? आणि इथे प्रश्न फक्त चिमणीचा नाही. 'स्पर्शाने जीव बाटतो' हे लेकराला पहिल्यांदा कुठे शिकवलं जातं, याचा आहे. पाखरापाशी शिकलेला विटाळ ते पुढे माणसाला लावतं.

संविधानाच्या कलम ५१-क मध्ये प्राणिमात्रांविषयी दया आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन्ही मूलभूत कर्तव्यं लागोपाठ सांगितली आहेत. विहारातल्या बालवर्गात ती सोबतच शिकवा. पिल्लू पडलं तर लेकराला सांगा, "शीव, उचल, घरट्यात ठेव."

जय भीम!