दुर्मिळ म्हणजे भारीच? थांबा जरा!

जुने जपानी स्पीकर जमवणारे लोक यामाहाच्या दोन जोड्यांची हमखास तुलना करतात. १९७४चा एनएस-१०००एम : बेरिलियमचे डोम, १२ इंची वूफर. १९७८चा एनएस-१०एम : छोटा, पांढऱ्या कोनचा. घरासाठी काढला, तिथे फारसा रमला नाही. रेकॉर्डिंग स्टुडिओंनी मात्र उचलून धरला, कारण मिक्सिंगमधली चूक तो लपवत नाही.

मग भारी कुठला? माझ्या मते प्रश्नच चुकतोय. कशासाठी हवाय, ते आधी ठरवा. आणि तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. नाहीतर जो जरा मोठ्याने वाजतो, तोच कानाला चांगला वाटतो.

धंद्यातही तेच! ओरडणाऱ्या स्पर्धकाला घाबरू नका. तुमचा माल नेमका कोणाच्या कामाचा, ते शोधा.