ब्राउझर बदलावा काय?

भारतीय भाषांचे चार अध्यापक एकत्र जमले की ग्रंथालयाच्या वेळा आणि अनुदानाचा विलंब यांच्या जोडीने आजकाल आणखी एक तक्रार हटकून निघते. ती म्हणजे ब्राउझरची. पाच-सहा पाने उघडताच यंत्र मंदावते. दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि काल जेथे कळ होती तेथे आज ती नसते. लेख वाचावयास घ्यावा, तो कोणी न मागितलेला साहाय्यक पुढे येऊन त्याचा सारांश करून देऊ काय, असे विचारू लागतो. मग कोणीतरी म्हणतो, "बदलून टाका की तो!" सर्वांच्या माना डोलतात आणि दुसऱ्या दिवशी सर्वजण त्याच ब्राउझरमध्ये आपापले काम पुढे चालू करतात. हा बदल करावा की न करावा, हा प्रश्न वरवर पाहता सोयीगैरसोयीचा दिसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र साहित्याच्या अभ्यासकापुरता तो वाचनाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, आणि म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

'ब्राउझर'साठी मराठीत 'न्याहाळक' हा शब्द योजला गेला आहे. शब्द सुबक आहे. पण त्यामुळे हे साधन केवळ पाहण्याचे आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः आपल्या यंत्राकडे दुरून येते ती संकेतांकांची एक मालिका. कोणते व्यंजन कोणास जोडावयाचे, वेलांटी कोठे चढवावयाची, रफार कोणत्या अक्षराच्या माथ्यावर ठेवावयाचा, याची मांडणी ब्राउझर त्या क्षणी करीत असतो. म्हणजे त्याचे काम पोथी उतरून घेणाऱ्या लेखनिकाच्या कामाशी अधिक जुळते. आणि लेखनिक बदलला की पाठ बदलू शकतो, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

दोन-तीन उदाहरणे पुरेशी होतील. 'तऱ्हा' या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखे दिसतात. परंतु एका क्रमाने लिहिलेला शब्द दुसऱ्या क्रमाने शोधला असता सापडेलच, असा भरवसा नसतो. 'ॲ' या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. त्यापूर्वीच्या यंत्रांवर त्याच्या जागी रिकामी चौकट दिसे. मराठी वळणाचे ल आणि श दिसावयाचे, तर फॉन्टमध्ये ती सोय हवी, पृष्ठाने आपली भाषा मराठी असल्याचे सांगितलेले हवे आणि ब्राउझरने ते ऐकलेले हवे. हिंदी वळणाच्या अक्षरांत छापलेली मराठी कविता वाचता येत नाही असे नव्हे. पण परप्रांतात मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला, विद्यार्थी फळ्यावर कोणते वळण गिरवितो हे पाहिल्यावर, ही बाब गौण वाटत नाही.

याहून मोठा धडा आपल्यास एकदा मिळून गेला आहे, आणि तो आपण विसरलो आहोत. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. तरीही पुढील अनेक वर्षे भारतीय भाषांतील दैनिके संगणकाच्या पडद्यावर आली ती निराळ्याच मार्गाने, कारण विंडोजसारख्या प्रणालीत युनिकोडातील देवनागरीची सोय झाली ती विंडोज २००० या आवृत्तीपासून. दरम्यान रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे काने, मात्रा, अर्धी अक्षरे बसविलेले खासगी फॉन्ट तयार झाले, आणि वाचकाकडे तो फॉन्ट आपोआप पोहोचावा म्हणून 'डायनॅमिक फॉन्ट'ची युक्ती निघाली. तिचा एक प्रकार नेटस्केपमध्ये चाले, दुसरा फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. नेटस्केप लवकरच मागे पडले. या शतकाच्या आरंभी दहांतील नऊ वाचक इंटरनेट एक्सप्लोररच वापरीत असल्यामुळे त्यात कोणास काही वावगे वाटले नाही.

त्या काळात मी एका मराठी दैनिकाच्या साहित्यविषयक पुरवणीतील बरेच लेख माझ्या संगणकावर जतन करून ठेवले होते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीला त्यांतील एक लेख प्रबंधासाठी हवा होता. मी मोठ्या आत्मविश्वासाने संग्रह उघडला, तो पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चलनचिन्हे यांची अर्थहीन दाटी! लेख तेथेच होता, त्याचे एक अक्षरही नष्ट झालेले नव्हते. पण त्याला अक्षररूप देणारा लेखनिक निघून गेला होता. इंटरनेट एक्सप्लोररचे साहाय्य जून २०२२ मध्ये अधिकृतपणे थांबविण्यात आले, तेव्हा त्याच्याविषयी विनोदच अधिक झाले. त्याच्या आश्रयाने राहिलेल्या मराठी मजकुराचे काय, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

या संदर्भात महानुभावांच्या पोथ्यांची आठवण होते. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्यामुळे ते वाङ्मय शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकांस अप्राप्य राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केल्यानंतरच आद्य मराठी गद्याचे भांडार सर्वांपुढे आले. महानुभावांनी आपले ग्रंथ जाणूनबुजून झाकले होते, आणि त्यांची किल्ली पंथात जपली गेली होती. आपण आपला मजकूर निष्काळजीपणे झाकला, आणि किल्ली एका परक्या कंपनीच्या एका उत्पादनात ठेवून दिली.

आता आजच्या स्थितीकडे वळू. ब्राउझरांची नावे अनेक असली तरी पृष्ठाची मांडणी करणारी त्यांच्या पोटातील प्रमुख इंजिने तीनच आहेत : क्रोमचे ब्लिंक, सफारीचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. ऑपेराने आपले स्वतंत्र इंजिन २०१३ मध्ये सोडले. मायक्रोसॉफ्टच्या एजनेही जानेवारी २०२० पासून क्रोमचेच इंजिन पत्करले. ब्रेव्ह व विवाल्डी त्याच वाटेचे. तेव्हा क्रोमला कंटाळून जो एजकडे जातो, त्याने पुस्तकाचे वेष्टन बदलले. लेखनिक तोच राहिला. बदल करावयाचाच तर तो इंजिनाचा असावा, हे माझे पहिले म्हणणे आहे.

असा बदल करण्यास आज एक सबळ कारणही आहे. भारतीय भाषांतील वृत्तपत्रांची पृष्ठे जाहिरातींनी इतकी व्यापलेली असतात की परिच्छेद शोधून काढावा लागतो. त्यावर उपाय म्हणून वाचक जाहिराती रोखणारे एखादे एक्स्टेन्शन ब्राउझरला जोडून घेत. गूगलने क्रोममधील एक्स्टेन्शनांची जुनी व्यवस्था २०२४-२५ मध्ये मोडीत काढली, आणि यूब्लॉक ओरिजिन हे बहुतांचे आवडते साधन तेथे निरुपयोगी झाले. सुरक्षिततेचे कारण देण्यात आले, आणि त्यात तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या कंपनीचे उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून आहे, तिनेच वाचकाच्या हातातील पडदा काढून घ्यावा, हे सहज पचण्यासारखे नाही. फायरफॉक्समध्ये ते साधन आजही चालते.

मग फायरफॉक्सकडे जावे आणि निश्चिंत व्हावे काय? येथे आक्षेपकाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते पुष्कळसे खरे आहे. खासगी फॉन्टमधील भारतीय भाषांचा मजकूर युनिकोडात उलटवून दाखविणारे 'पद्म' नावाचे एक्स्टेन्शन एके काळी फायरफॉक्सनेच आपल्यास दिले. पण त्याच फायरफॉक्सने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपली जुन्या धाटणीची सर्व एक्स्टेन्शने एका फटक्यात बंद केली. पुढे वाचावयाचे लेख साठविण्याची मोझिलाची 'पॉकेट' ही सेवा जुलै २०२५ मध्ये संपुष्टात आली. शिवाय मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलकडूनच, शोधयंत्राच्या करारापोटी, येतो. अमेरिकेतील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये शोधाच्या क्षेत्रात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ च्या निकालात मात्र क्रोम विकण्याची सक्ती केली नाही. तात्पर्य, ज्या आश्रयास जावे तोही पूर्णपणे स्वतंत्र नाही.

हा आक्षेप मान्य करूनही मी बदलाच्या बाजूचा आहे. एक ब्राउझर पुण्यवान आणि दुसरा पापी, असे माझे म्हणणे नाही. एक सोडून दुसरा घेण्याची शक्यता जिवंत राहिली पाहिजे, एवढेच आहे. ती शक्यता न वापरल्यास नाहीशी होते. दक्षिण कोरियाचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९९९ च्या सुमारास विद्युत् व्यवहारांसाठी प्रमाणपत्रांची जी व्यवस्था आली, ती इंटरनेट एक्सप्लोररच्या 'ॲक्टिव्हएक्स' या सोयीवर उभारली गेली. परिणामी, बँकेपासून सरकारी कचेरीपर्यंतची कामे दीर्घकाळ एकाच ब्राउझरशी जखडली गेली. त्या प्रमाणपत्रांचे विशेष स्थान कायद्याने संपले ते डिसेंबर २०२० मध्ये. अत्यंत प्रगत राष्ट्राला जो गुंता सोडविण्यास वीस वर्षे लागली, तो आपण स्वतःभोवती हौसेने गुंडाळून घेत आहोत.

कारण आपल्या संस्थाही याच मार्गाने चालल्या आहेत. मध्यंतरी एका कार्यालयात शोधप्रकल्पाचा अर्ज भरण्याचा प्रसंग आला. पृष्ठ एकाच ब्राउझरमध्ये उघडावे, अशी तळाशी सूचना होती. त्याप्रमाणे केले, तरी प्रकल्पाच्या मराठी शीर्षकातील जोडाक्षरे पावतीवर सुटी होऊन उमटली. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, "शीर्षक इंग्रजीत द्या." एका ब्राउझरची सवय मोडू न देणारी व्यवस्था अखेरीस भाषा बदलण्याचाच सल्ला देते, हे त्या दिवशी कळले.

यावर व्यक्तिशः करता येण्यासारखे थोडे आहे, पण ते करावे. वेगवेगळ्या इंजिनांचे दोन ब्राउझर प्रत्येक अभ्यासकाने जवळ ठेवावेत, आणि महत्त्वाचा मजकूर दोन्हींत पाहून घ्यावा. ब्राउझरमधील खुणा हा आपला संग्रह आहे असे समजू नये. जे उद्धृत करावयाचे त्याची युनिकोडातील साधी प्रत, दिनांकासह, ब्राउझरच्या बाहेर ठेवावी. जुन्या फॉन्टमधील लेख ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते, त्या फॉन्टची प्रत हाताशी आहे तोवर, उलटवून घ्यावेत. आणि विद्यापीठांच्या भाषाविभागांनी आपले कोश, सूची, नियतकालिके पडद्यावर आणताना कंत्राटातच अट घालावी की मजकूर युनिकोडात असेल, पृष्ठ आपली भाषा सांगेल आणि कोणत्याही इंजिनात ते सारखेच वाचता येईल. या शेवटच्या अटीस पैसे जवळजवळ लागत नाहीत; आग्रह मात्र लागतो.

मी स्वतः गेल्या वर्षी बदल केला. पहिले काही दिवस चुकल्याचुकल्यासारखे झाले. एक-दोन कार्यालयीन पृष्ठांसाठी जुना ब्राउझर अजून ठेवावा लागतो, आणि नव्याच्याही कुरबुरी आहेतच. उद्या तो सोडण्याची वेळ आली तर माझ्या संग्रहातील एकही लेख त्याच्याबरोबर जाणार नाही, एवढी व्यवस्था मात्र मी या वेळी आधी केली आहे. त्या विद्यार्थिनीला हवा असलेला लेख अक्षर-अक्षर जुळवून वाचनीय करण्यास मला तीन रविवार लागले. त्या पुरवणीतील उरलेले लेख अद्याप तसेच पडून आहेत.