जागा बाधते की हिशेब?

बेंगळुरूच्या इंदिरानगरात हंड्रेड फीट रोड म्हणून एक गजबजलेला रस्ता आहे. वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने तिथे चक्कर मारणाऱ्याला एक गंमत हमखास दिसते. मागच्या खेपेला जिथे तंदूर धगधगत होता, तिथे आता पिझ्झा मिळतोय. तंदूरच्याही आधी म्हणे तिथे केळीच्या पानावर आंध्र पद्धतीचं जेवण वाढलं जायचं. पाटी नवी, भिंतींचा रंग नवा, दारावरचा झेंडूचा हार नवा. जुनी आहे ती फक्त जागा! समोरचा शहाळेवाला नव्या पाटीकडे बघून गालातल्या गालात हसतो. त्याने अशा पाट्या चढताना पाहिल्या आहेत, तशाच उतरतानाही.

अशी एखादी जागा प्रत्येक शहरात असते. आपल्या गावातही असेल. रस्ता वाहता, आजूबाजूला वस्ती भरपूर, तरी तिथे काही म्हणता काही टिकत नाही. मग कुजबुज सुरू होते. ‘ती जागाच बाधते हो!’ कुणी म्हणतं, स्वयंपाकघर आग्नेयेला नाही. कुणी म्हणतं, दार दक्षिणेला आहे. नवा मालक वास्तुतज्ज्ञाला बोलावतो, दाराची दिशा फिरवतो, उंबऱ्यावर कोहळा फोडतो. आठ महिन्यांनी शटर पुन्हा खाली येतं, तेव्हा लोक माना डोलावतात... बघा, आम्ही सांगत नव्हतो?

आता जरा आकड्यांशी बोलू. हॉटेलं किती दिवस जगतात, याचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या कोलंबस शहरात झाला. १९९६ ते १९९९ या काळातल्या हॉटेलांची नोंद त्यात तपासली गेली आणि निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्याच वर्षी नव्वद टक्के हॉटेलं बुडतात, हा तिथला लाडका समज त्या अभ्यासाने खोटा ठरवला. पहिल्या वर्षी गाशा गुंडाळणारी निघाली साधारण २६ टक्के. तीन वर्षांत मात्र हा आकडा साठाच्या घरात गेला. म्हणजे दहातली सहा!

हाच आकडा बेंगळुरूला लागू पडतो असं नाही. पण घटकाभर तो धरून चालू. शंभर जागांवर शंभर हॉटेलं निघाली. तीन वर्षांत साठ बंद पडली. त्या साठ जागांवर पुन्हा हॉटेलं आली, त्यातली छत्तीस गेली. त्या छत्तिसांवर तिसऱ्यांदा आली, त्यातली एकवीस-बावीस गेली. म्हणजे कुणाची दृष्ट लागलेली नसताना, दिशा चुकलेली नसताना, शंभरातल्या वीस-बावीस जागांवर लागोपाठ तीन हॉटेलं बुडालेली दिसणार. लोक नेमक्या त्याच जागा लक्षात ठेवतात आणि त्यांना ‘बाधलेल्या’ म्हणतात. उरलेल्या जागांवर मुकाट्याने इडली विकली जात असते, तिची गोष्ट कोण सांगणार?

पण सगळंच योगायोगावर ढकलून चालणार नाही. काही जागा खरोखरच अवघड असतात, आणि त्यांचं अवघडपण पिशाच्चापेक्षा साधं असतं.

पहिला प्रश्न असा, की एक हॉटेल बुडालेल्या जागी दुसरं हॉटेलच का येतं? कपड्यांचं दुकान का येत नाही? कारण मागचा भाडेकरू जाताना धुराडं, गॅसची नळी, मोरी, फरशी, भट्टी मागे ठेवून जातो. दलाल नव्या माणसाला सांगतो, ‘सगळं तयार आहे साहेब, फक्त आचारी आणा.’ ज्याच्याकडे भांडवल दांडगं आहे, तो स्वतःच्या मनासारखं स्वयंपाकघर बांधून घेतो. तयार स्वयंपाकघराला भुलतो तो बेताच्या पैशांत धंद्यात उतरणारा. सहा महिने तोटा सोसण्याची ताकद त्याच्याकडे नसते. म्हणजे जागा कमकुवत माणसालाच बोलावते आणि तो पडला, की बदनामी जागेची होते.

दुसरी गोष्ट भाड्याची. दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून घ्यायची बेंगळुरूची जुनी रीत घरं शोधणाऱ्यांना चांगलीच ठाऊक आहे. दुकानांचा मामला त्याहून सोपा नसतो. समजा, भाडं महिना दोन लाख. दहा महिन्यांच्या हिशेबाने वीस लाख रुपये पहिला डोसा तव्यावर पडण्याआधीच अडकले. भाडं विक्रीच्या दहा टक्क्यांच्या आसपास राहावं, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब. म्हणजे महिन्याला वीस लाखांचा, दिवसाला सदुसष्ट हजारांचा गल्ला हवा. माणशी दोनशे रुपये धरले, तर रोज सव्वातीनशेहून अधिक गिऱ्हाइकं. खुर्च्या चाळीस असतील, तर प्रत्येक खुर्ची दिवसातून आठ वेळा भरायला हवी. मंगळवारी दुपारीसुद्धा, पावसातसुद्धा! शनिवारी रात्रीची गर्दी बघून जागा घेणाऱ्याने हा गुणाकार केलेला नसतो.

हा गुणाकार बेंगळुरूतच एकाने फार हुशारीने उलटा फिरवला. १९८३ मध्ये जयनगरात ‘कॅफे दर्शिनी’ सुरू झालं. खुर्च्याच नाहीत! पैसे द्या, टोकन घ्या, उंच टेबलाशी उभं राहून खा आणि वाटेला लागा. दहा मिनिटांत गिऱ्हाईक बदलतं. भाव कमी ठेवूनही भाडं निघतं. पुढे या दर्शिनी शहरभर पसरल्या. जागा लहान म्हणून रडण्याऐवजी जागेला साजेसा धंदा काढला, एवढंच.

आपल्या मुंबईतलं उदाहरण तर याहून जुनं. रस्त्याच्या कोपऱ्यावरची दुकानं अशुभ मानून इतर व्यापारी ती घ्यायला कचरत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. दोन्ही रस्त्यांवरून दिसणारी, दोन दारांची, भरपूर उजेडाची ती जागा! इराण्याने तिथे संगमरवरी टेबलं मांडली आणि बन-मस्का, चहा यांवर पिढ्या जगवल्या. धोबीतलावचं ‘कयानी’ १९०४ पासून आहे, पुण्याच्या डेक्कनवरचं ‘गुडलक’ १९३५ पासून. एकाला जी जागा बाधली असती, ती दुसऱ्याला अशी लाभली.

कधीकधी मात्र मालकाची काहीच चूक नसते आणि जागेची दशा एका रात्रीत फिरते. एम. जी. रोडच्या आसपास हे पुन्हापुन्हा घडलं. बेंगळुरू मेट्रोची पायाभरणी २००६ मध्ये झाली आणि बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाला. मधली वर्षं एम. जी. रोड आणि इंदिरानगरचा सी. एम. एच. रोड इथल्या दुकानदारांनी पत्रे, खड्डे आणि धूळ यांच्याआड काढली. पुढे भुयारी मार्गासाठी कामराज रोडचा तुकडा २०१९ मध्ये बंद झाला, त्याची एक बाजू उघडायला २०२४ साल उजाडलं. मेट्रो आली की गिऱ्हाईक येणार हे खरं, पण तोवर भाडं कुणी भरायचं?

२०१७ मध्ये तर नुसत्या अंतराने घात केला. महामार्गापासून ५०० मीटरांच्या आत दारू विकू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. १ जुलै २०१७ पासून एम. जी. रोड, ब्रिगेड रोड, चर्च स्ट्रीट या भागातल्या अनेक पबना टाळी लागली. शहराच्या हद्दीतल्या परवान्यांबद्दल न्यायालयाने खुलासा केल्यावर काही महिन्यांनी दारं उघडली. आचारी तोच, चव तीच, पण मोजपट्टी आडवी आली. पाण्याचंही तसंच. बेंगळुरूला कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून वर चढवून आणावं लागतं. २०२४ च्या मार्चमध्ये शहरातल्या हजारो बोअरवेल आटल्या. तेव्हा ज्या हॉटेलाकडे कावेरीचा नळ नव्हता, त्याच्या डोशाच्या भावात टँकरचं भाडंही शिरलं.

आता नाण्याची दुसरी बाजू. काही जागा अशा असतात, की तिथे काहीही विका, खपतं. बसस्थानकाच्या दारात, रेल्वे स्टेशनासमोर, तलावाकाठी, देवळाच्या वाटेवर. अन् नेमकं तिथलंच सांबार पाणचट असतं! हळहळ वाटते, एवढी सुंदर जागा आणि असलं जेवण? पण त्यामागेही हिशेबच आहे. तिथला माणूस आज जेवतो आणि उद्या परगावी निघून जातो. तो परत येणार नाही, हे मालकाला ठाऊक असतं. उद्या नवी गाडी, नवी माणसं. गिऱ्हाईक जागा आणून देतेय, मग चवीवर पैसे का खर्चायचे?

याउलट बेंगळुरूची नावाजलेली खाण्याची ठिकाणं बघा. गांधी बाजारचं ‘विद्यार्थी भवन’ १९४३ पासून तिथेच आहे. डोशासाठी दाराबाहेर ताटकळणारी माणसं हीच त्याची खूण. शंकरपुरमचा ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’ १९६५ चा. इडली, वडा, खाराभात, केसरीभात आणि कॉफी, एवढ्यावर कारभार. खातात लोक फुटपाथवर उभं राहून. १९२४ मध्ये सुरू झालेल्या ‘एम.टी.आर.’च्या लालबाग रोडवरच्या हॉटेलात नंबर लागेपर्यंत निमूट बसून राहावं लागतं. यांतली एकही जागा दलालाच्या भाषेत फार ‘मोक्याची’ म्हणता येणार नाही. पण त्यांचं गिऱ्हाईक शेजारपाजारचं, रोजचं. आज चटणी बिघडली, तर उद्या सकाळी तोंडावर ऐकवणारं. रोज भेटणारं गिऱ्हाईक हाच चवीचा खरा राखणदार!

चव आणि माया असेल, तर जागा बदलूनही हॉटेल जगतं. एम. जी. रोडचं ‘इंडिया कॉफी हाऊस’ कामगारांच्या सहकारी संस्थेचं. जवळपास अर्धशतक तिथे काढल्यावर २००९ मध्ये त्याला जागा सोडावी लागली. ते मागच्या चर्च स्ट्रीटवर गेलं आणि जुनी गिऱ्हाइकं कॉफीचा वास काढत तिकडे पोहोचली.

आणि सगळं जुळूनही एक धोका उरतोच. मल्लेश्वरमचं ‘न्यू कृष्णा भवन’ १९५४ पासून चालत होतं. डिसेंबर २०२३ मध्ये ते बंद झालं, तेव्हा शेवटच्या दिवसांत लोकांनी तिथे रांगा लावल्या. गिऱ्हाईक आटलं म्हणून ते गेलं नाही. शहर वाढलं, की जमिनीचा भाव इडलीच्या भावाच्या कितीतरी पुढे पळतो. कुठलंही स्वयंपाकघर त्या शर्यतीत किती दिवस टिकणार?

ही चर्चा गमतीची वाटते, पण शटर खाली येतं तेव्हा आत माणसं असतात. कुणी निवृत्तीचा फंड त्यात घातलेला असतो, कुणी संगणकाची नोकरी सोडून बायकोचे दागिने गहाण ठेवलेले असतात. कुंदापूरहून किंवा आसाम-ओडिशाहून आलेल्या पोऱ्यांची तर नोकरी अन् झोपायची जागा दोन्ही एकाच दिवशी जातात. नवी पाटी चढते तेव्हा त्यांची आठवणही कुणाला नसते.

तेव्हा घरातला कुणी ‘मस्त जागा मिळतेय, हॉटेल काढू या’ म्हणाला, तर पत्रिका काढण्याआधी त्याला थोडं पायी फिरायला लावा. आधीच्या भाडेकरूंना गाठून ते का गेले ते विचारायला सांगा. शनिवारची रात्र नव्हे, मंगळवारची दुपार त्या दारासमोर उभं राहून माणसं मोजायला सांगा. रस्ता एकेरी आहे का, गाडी कुठे लावायची, पाणी कुठून येतं, पुढच्या पाच वर्षांत तिथे काय खोदलं जाणार आहे, करारात भाडं दरवर्षी किती चढणार आहे, याची उत्तरं कागदावर उतरवायला लावा. सहा महिने एक पैसा सुटला नाही तरी घर चालेल का, हा प्रश्न सर्वांत शेवटी. खरं तर सर्वांत आधी.

एवढं करून आकडे जुळले, तर खुशाल कोहळा फोडा, नारळ वाढवा. आणि नाहीच जुळले, तर समोरच्या शहाळेवाल्याकडून एक शहाळं प्या आणि घरी या. त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकलेला धंदा त्याचाच आहे... त्याला भाडं नाही, भट्टी नाही, आणि गिऱ्हाईक रोजचं!